मोइना विषाने मेल्या की उपाशी? शेवाळाची चाचणी नीट कशी घ्यावी

शेततळ्यातलं हिरवंगार पाणी बाटलीत भरून आणायचं, त्यात मोइना (गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव) सोडायच्या, ४८ तासांनी मेलेल्या मोजायच्या आणि प्रोजेक्टमध्ये लिहायचं, 'शेवाळ विषारी आहे.' प्राणीशास्त्राचे आणि पर्यावरणशास्त्राचे बरेच प्रोजेक्ट असेच उरकले जातात. मेलेल्या मोइनांचे आकडे खरे असतात, पण निष्कर्ष त्यांतून निघत नाही. मोइना विषाने मरते, भुकेने मरते, ऑक्सिजन संपला म्हणून मरते, आणि नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात शेजारच्या बागेतल्या फवारणीनेही मरते. यातलं कोणतं कारण खरं, हे प्रयोगाची मांडणी ठरवते. मोजणी कितीही काटेकोर केली तरी ती सुरुवातीची चूक भरून काढत नाही.

खालची पद्धत कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत जमण्यासारखी आहे. मायक्रोस्कोप, काचेची भांडी, पीएच आणि ऑक्सिजनचं मीटर, गाळायच्या जाळ्या आणि हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) एवढं असलं की पुरे. क्रम मात्र बदलू नका.

## १. पाण्याला हात लावण्याआधी प्रश्न ठरवा

मोइना, डॅफ्निया, सेरिओडॅफ्निया हे क्लॅडोसेरा गटातले, पाणी गाळून खाणारे जीव. पायांच्या केसाळ कंगव्यातून पाणी जातं, कण अडकतात, ते तोंडाकडे सरकवले जातात. समोर आलेलं निवडून घ्यायची सोय त्यांना फारशी नाही. कोपेपॉड हे दुसऱ्या गटातले बारीक कवचधारी जीव मात्र चव पाहून कण नाकारू शकतात. म्हणूनच शेवाळ माजलं की मोठ्या डॅफ्निया आधी कमी होतात आणि कोपेपॉड, रोटिफर, लहान क्लॅडोसेरा टिकतात.

निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, या जीवांना तीन वेगळ्या वाटांनी त्रास देतं.

पहिली वाट निकस अन्नाची. सायनोबॅक्टेरियात स्टेरॉल जवळजवळ नसतात आणि लांब साखळीची मेदाम्लं कमी असतात. कवचधारी जीवांना कात टाकण्याचं संप्रेरक बनवायला स्टेरॉल बाहेरूनच मिळवावं लागतं. पोट भरलेलं, पण वाढ नाही, अशी अवस्था यातून येते.

दुसरी वाट अडथळ्याची. लांब धागे गाळणीत अडकतात आणि चिकट आवरणातल्या मोठ्या वसाहती गिळता येत नाहीत. साधारण १ मिमी लांबीच्या क्लॅडोसेराला २५-३० मायक्रॉनपेक्षा मोठा कण झेपत नाही.

तिसरी वाट विषाची. मायक्रोसिस्टिन हे सायनोबॅक्टेरियाचं विष पेशींतल्या प्रोटीन फॉस्फटेज या एन्झाइमांना बंद पाडतं. त्याच्या जोडीला पचनाचे एन्झाइम अडवणारी इतरही पेप्टाइड असतात, म्हणजे 'मायक्रोसिस्टिन सापडलं नाही, सबब शेवाळ निरुपद्रवी' हाही निष्कर्ष घाईचाच.

या वाटा खरोखर वेगळ्या आहेत हे १९९९ मध्ये एका प्रयोगात स्वच्छ दिसलं. मायक्रोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियाचा विषारी वाण आणि त्याचाच, पण मायक्रोसिस्टिन बनवू न शकणारा बदललेला वाण, असे दोन्ही डॅफ्नियाला खाऊ घातले गेले. खाण्याचा वेग दोन्हींनी मंदावला. विषबाधा मात्र मूळ वाणानेच झाली.

तेव्हा प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा. 'हे शेवाळ निव्वळ निकस आहे, की त्याहून जास्त अपाय करतं?' हा प्रश्न कॉलेजात सुटण्यासारखा आहे. 'यात नेमकं कोणतं विष आहे?' याचं उत्तर मोइना देणार नाही, त्याला एलायझा किंवा एलसी-एमएस अशी प्रयोगशाळेतली रासायनिक तपासणी लागते.

## २. जागा, परवानगी आणि चौकशी

सुरुवात ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेततळ्यापासून करा. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे प्लास्टिक कागद घातलेली तळी पुष्कळ आहेत, काठ सोपा असतो आणि पाण्याचा इतिहास विचारता येतो. नांदूर मध्यमेश्वर मोहात पाडतं, पण ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे जाळी टाकायची नाही. गंगापूर धरणासाठी जलसंपदा विभागाला विचारा.

शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न वहीत आधीच लिहून न्या:

- तळ्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) शेवटचं कधी टाकलं?
- आजूबाजूच्या बागांत फवारणी कधी झाली, आणि कशाची?
- पाणी कुठून येतं: कालवा, विहीर की बोअर?
- तळ्यात मासे सोडलेत का?

मोरचुदाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तांब्याचं अत्यल्प प्रमाणही क्लॅडोसेराला पुरतं. त्यात मोरचुदाने शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. अशा तळ्यात तांबं कोणाला मारतंय आणि शेवाळ कोणाला, हे वेगळं काढणं फार कठीण. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बागांत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि इतर औषधांचा मारा सुरू होतो, त्या काळात बागेला लागून असलेलं तळं घेऊच नका.

तपासणी: जवळच, तसंच पाणी असलेलं पण शेवाळ न माजलेलं दुसरं तळं मिळतंय का? मिळालं तर तिथलाही नमुना आणा.

## ३. नमुना घेणे

सकाळी, वारा सुटायच्या आत जा. या शेवाळाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे शांत पाण्यात ते वर तरंगतं आणि वाऱ्याने एका काठाला गोळा होतं. दुपारी त्या काठाचा थर भरून आणला तर तळ्यातल्या सरासरी पाण्याच्या कित्येक पट दाट माल हाती येतो. तो चालतो, पण वहीत 'काठावरचा थर' असंच लिहा, 'तळ्याचं पाणी' असं नको.

दोन नमुने वेगळे घ्या:

1. पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंमीवरून, जिवंत शेवाळासाठी. काचेची बाटली, वर थोडी हवा ठेवून.
2. त्याच जागचा छोटा नमुना लुगॉल आयोडीन घालून, ओळख आणि मोजणीसाठी. चहाच्या फिक्या रंगाइतकंच आयोडीन टाका.

विषाची तपासणी बाहेरून करून घ्यायची असेल तर तिसरा भाग काचेत भरून गोठवा. पॉलिप्रॉपिलीनच्या भांड्याला मायक्रोसिस्टिन चिकटतं आणि आकडा कमी येतो. जिवंत नमुना मात्र चुकूनही फ्रीजरमध्ये जाऊ देऊ नका. गोठलं की पेशी फुटतात आणि तुमचा प्रयोग 'शेवाळ खाण्याचा' न राहता 'विष प्यायचा' होतो.

जागेवरच तापमान, पीएच, ऑक्सिजन आणि वेळ टिपा. खोलीवर येऊन मोजलेला पीएच उपयोगाचा नाही.

सावधान: हातमोजे घाला. तोंडाने पिपेट ओढायची नाही. या पाण्याने त्वचेला खाज येते, आणि जनावरांनी दाट थर प्यायला तर जिवावर बेततं. उकळल्याने मायक्रोसिस्टिन जात नाही, तेव्हा 'उकळून घेतलं होतं' ही सबब चालत नाही.

## ४. हे निळं-हिरवंच आहे ना?

हिरवं पाणी म्हणजे सायनोबॅक्टेरिया असं धरून चालणाऱ्यांचा अख्खा प्रोजेक्ट इथेच बाद होतो. तीन पायऱ्या करा.

काठावर काठी बुडवून वर काढा. हिरवे धागे लोंबकळले तर ते बहुधा साधं तंतुमय शेवाळ. ऑइलपेंट सांडल्यासारखा लेप बसला तर संशय बळावतो. पाण्यावर बारीक दाणे दिसले तर ती टिकली किंवा वोल्फियासारखी तरंगती वनस्पतीही असू शकते, बोटावर घेऊन भिंगातून पाहा.

नमुन्याची पारदर्शक बरणी रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. हिरवं शेवाळ बहुधा तळाशी बसतं, हवेच्या पोकळ्यांचं निळं-हिरवं वर येतं. ही खूण पक्की नाही. युग्लिना हा पोहणारा एकपेशीय जीव हलत हलत वर येतो आणि फसवतो. गावतळ्यातला तांबूस थर तर अनेकदा युग्लिनाचाच असतो.

मग मायक्रोस्कोप. मायक्रोसिस्टिसच्या पेशी लहान गोल, चिकट आवरणात दाटीने, आणि पोकळ्यांमुळे काळपट दिसतात. डॉलिकोस्पर्मम, ज्याला जुन्या पुस्तकांत अ‍ॅनाबीना म्हटलंय, त्यात मण्यांची माळ आणि मध्येच एखादी मोठी फिकी पेशी. प्लँक्टोथ्रिक्सचे धागे सरळ, मण्यांची फोड नसलेले.

विषारी कोणतं, हे मायक्रोस्कोपखाली कळत नाही. मायक्रोसिस्टिसच्या एकाच जातीत विषारी आणि बिनविषारी वाण असतात, कधीकधी एकाच तळ्यात शेजारी शेजारी. ओळखीच्या रकान्यात फक्त जात किंवा प्रजातीचं नाव लिहा.

## ५. मोइनांची पैदास: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

डॅफ्निया मॅग्ना हा पुस्तकातला लाडका जीव आहे, पण तो थंड पाण्याचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोइना मायक्रुरा किंवा सेरिओडॅफ्निया कॉर्नुटा जास्त समजूतदारपणे वागतात. मत्स्यालयाच्या दुकानांत जिवंत खाद्य म्हणून मोइना मिळते, मात्र तिला आणल्या आणल्या चाचणीत घेऊ नका. निदान दोन-तीन पिढ्या स्वतःच्या भांड्यात वाढवा.

शेवाळ माजलेल्या तळ्यातूनच मोइना पकडून त्याच तळ्याचं शेवाळ तिला खाऊ घालणं ही फार प्रचलित चूक आहे. विषारी शेवाळासोबत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले जीव ते सोसायला शिकतात. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवरात गाळात दडलेली डॅफ्नियाची जुनी अंडी उबवून पाहिली तेव्हा शेवाळ वाढण्याआधीच्या काळातल्या डॅफ्निया दुबळ्या निघाल्या आणि नंतरच्या कणखर. आईने विषारी शेवाळ खाल्लं असेल तर पिल्लंही काही प्रमाणात तयारीची निघतात. अशा पिल्लांवर 'काही परिणाम नाही' दिसलं तर ते शेवाळाबद्दल काहीच सांगत नाही.

पाणी: नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उघड्या भांड्यात हवा सोडत ४८ तास ठेवा आणि क्लोरीनच्या किटने तपासून घ्या. आरओचं पाणी वापरू नका. त्यात कॅल्शियम जवळपास उरत नाही आणि कवच धड बनत नाही. काच साबणाने धुतली असेल तर पुन्हा पुन्हा साध्या पाण्याने खळबळा, साबणाचा अंश मोइनाला सोसत नाही.

अन्न: क्लोरेला किंवा सेनेडेस्मस, ही साधी हिरवी शेवाळं. यीस्टवर मोइना तगते, पण तुलनेला 'चांगलं अन्न' म्हणून यीस्ट वापरू नका, ते स्वतःच निकस आहे.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पोटात पिल्लं असलेल्या माद्या वेगळ्या काढा. सकाळी जन्मलेली, २४ तासांच्या आतली पिल्लं चाचणीत घ्या. पहिल्या वेणाची नकोत, ती लहान आणि असमान असतात.

उचलताना रुंद तोंडाचा ड्रॉपर वापरा आणि ड्रॉपरचं टोक पाण्याखाली नेऊनच पिल्लू सोडा. वरून थेंब टाकलात तर कवचात हवा शिरते, पिल्लू पृष्ठभागाला चिकटून कुशीवर पडतं आणि तुमच्या वहीत 'मृत' म्हणून चढतं. सोडल्यावर १० मिनिटांनी एकदा प्रत्येक भांडं पाहा. तरंगणारं पिल्लू असेल तर तेव्हाच बदला.

तपासणी: भांड्यात नर किंवा काळपट, जाड कवचातली टिकाऊ अंडी दिसतात का? दिसत असतील तर पैदास आधीच ताणाखाली आहे. आठवडाभर थांबा, गर्दी कमी करा, अन्न सुधारा.

## ६. भांड्यांची मांडणी

तळ्याचं कच्चं पाणी भांड्यात ओतायचं नाही. दाट शेवाळाच्या पाण्याचा पीएच दुपारी ९ च्या वर चढतो, त्यात अमोनिया जास्त घातक होतो, आणि रात्री ऑक्सिजन खाली येतो. म्हणून पेशी आणि पाणी वेगळं करा. उंच मोजपात्रात नमुना तासभर सोडा, शेवाळ वर आलं की खालचं पाणी नळीने काढून घ्या. वरचा थर स्वच्छ पैदाशीच्या पाण्यात दोनदा अलगद धुवा. जोरात हलवू नका, मिक्सर तर नकोच.

खालचं काढलेलं पाणी ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून ठेवा, लागणार आहे.

क्लोरेला आणि तळ्यातलं, अशा दोन्ही शेवाळांचं कोरडं वजन काढा: आधी वजन केलेला काचतंतूंचा फिल्टर, त्यावर मोजून घेतलेलं शेवाळ, ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वजन. 'दोन्ही सारखीच हिरवी दिसत होती' हे माप नाही.

आता भांडी. पूर्ण मात्रा म्हणजे दोन्हीकडे सारखंच ठरवलेलं कोरडं वजन.

1. पूर्ण मात्रा क्लोरेला.
2. अन्नच नाही.
3. पूर्ण मात्रा तळ्याचं शेवाळ.
4. निम्मं क्लोरेला, निम्मं तळ्याचं शेवाळ.
5. फक्त निम्मं क्लोरेला.
6. पूर्ण क्लोरेला, पण तळ्याच्या गाळलेल्या पाण्यात.

ही सहा भांडी म्हणजे प्रयोगाचा गाभा. बहुतेक जण १ आणि ३ एवढीच ठेवतात.

तीनमधल्या पिल्लांचं मरण दोनमधल्यांपेक्षा लवकर आलं, तर भूक हे कारण पुरत नाही. दोन्हींत सारख्याच गतीने मेल्या तर तुमच्या शेवाळाने विष दिलं असं म्हणता येत नाही, त्याने पोट भरलं नाही एवढंच. चार आणि पाच ही जोडी त्याहून धारदार आहे. दोन्हींत क्लोरेला सारखंच आहे. चारमध्ये हाल जास्त झाले तर तळ्याचं शेवाळ चांगल्या अन्नाच्या जोडीलाही अपाय करतंय, मग तो विषाने असो की गाळणी अडवून. सहामध्ये मेल्या तर दोष पाण्यात विरघळलेल्या कशाचा तरी आहे: फुटलेल्या पेशींचं विष, तांबं, किंवा फवारणीचं औषध. अशा वेळी दुसऱ्या, शेवाळ नसलेल्या तळ्याच्या पाण्यानेही सहा नंबरचं भांडं लावा. तिथेही मेल्या तर शेवाळाला बाजूला ठेवा आणि फवारणीची चौकशी करा.

वसाहती मोठ्या असतील तर तीनचे दोन भाग करा: एक जसाच्या तसा, दुसरा २० मायक्रॉनच्या जाळीतून उतरलेला. गिळता न येणाऱ्या वसाहतींनी काहीच केलं नाही, यात नवल नाही.

## ७. चाचणीचे ४८ तास

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या चाचणी पद्धतीत प्रत्येक मात्रेला २० पिल्लं, पाच-पाचच्या चार गटांत, आणि दर पिल्लामागे किमान २ मिली पाणी असतं. ही रचना उचला, पण एक फरक लक्षात ठेवा: त्या पद्धतीत ४८ तास अन्न देत नाहीत. इथे अन्नच तपासायचं आहे, म्हणून १० मिली पाणी प्रत्येक पिल्लामागे ठेवणं बरं. तापमान २५ अंशांच्या आसपास एकसारखं, खिडकीपासून दूर.

२४ आणि ४८ तासांनी मोजा. भांडं हलकेच फिरवा, १५ सेकंद पाहा, पोहली नाही तर 'निश्चल'. 'मृत' असं लिहू नका, हृदय चालू असू शकतं.

पेशी तळाशी बसतात किंवा वर तरंगतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा सर्वच भांडी सारखीच अलगद ढवळा. दोन नंबरचंसुद्धा.

तपासणी: एक नंबरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त निश्चल झाल्या, किंवा शेवटी कोणत्याही भांड्यात ऑक्सिजन लिटरला ३ मिग्रॅच्या खाली गेला, तर ती फेरी रद्द. आकडे 'सुधारून' घ्यायचे नाहीत.

उष्ण दिवसांत उपाशी पिल्लंही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरू लागतात. दोन नंबरचं भांडं त्यासाठीच आहे. जमलं तर चाचणी आठवड्याच्या पुढे न्या, एक दिवसाआड पाणी आणि अन्न बदलून, आणि पहिलं वेण कधी, पिल्लं किती, हे मोजा. विषारी शेवाळाचा मार बऱ्याचदा मरणात दिसण्याआधी पिल्लांच्या संख्येत दिसतो.

## ८. भिंगाखाली काय पाहायचं

मेलेल्यांच्या मोजणीपेक्षा हा भाग जास्त सांगतो, आणि नेमका हाच गाळला जातो.

एक मोइना स्लाइडवर थेंबभर पाण्यात घ्या, कापसाचे दोन-चार तंतू टाकून तिला जरा अडवा. मोबाइल नेत्रिकेला लावून स्लो मोशनमध्ये १० सेकंदांचं चित्रण करा. पाय इतके झपाट्याने चालतात की डोळ्यांनी मोजता येत नाहीत, सेकंदाला २४० फ्रेमच्या चित्रणात येतात. तीन गोष्टी नोंदवा:

- आतडं भरलेलं हिरवं आहे की रिकामं? रिकामं म्हणजे खाणंच थांबलंय.
- पायांची गती क्लोरेलावरच्या मोइनापेक्षा मंद आहे का?
- पोटामागचा नखीचा भाग पुढे येऊन गाळणीतून किती वेळा धागे झटकतो? मिनिटामागे मोजा. हे वाढलं असेल तर अडथळ्याचा त्रास आहे.

अर्धवट सुटलेली कात अंगाला लटकलेली दिसली तर फोटो काढून ठेवा. मायक्रोव्हिरिडिन जे नावाचं पेप्टाइड डॅफ्नियाची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, हे माहीत आहे.

खाण्याचा वेग काढायचा असेल तर अंधारात दोन तास ठेवा, म्हणजे शेवाळ वाढणार नाही. मोइना नसलेलं एक भांडं सोबत हवंच. उदाहरण: ५० मिली पाणी, १० मोइना, सुरुवातीला मिलीमागे १,००,००० पेशी, शेवटी ८०,०००. मोइना नसलेल्या भांड्यात पेशी आपोआप बसून ९५,००० उरल्या. तेव्हा ९५,००० ला ८०,००० ने भागा, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या (०.१७२), मोइनामागच्या ५ मिलीने गुणा, २ तासांनी भागा. उत्तर ताशी ०.४३ मिली प्रति मोइना. मोइना नसलेलं भांडं विसरलात तर हेच उत्तर ०.५६ येतं, म्हणजे न खाल्लेलं शेवाळही तिच्या नावावर चढतं.

## ९. निकाल लिहिताना

'तीन नंबरमध्ये निश्चल होण्याचं प्रमाण उपाशी गटापेक्षा जास्त होतं, आणि चार नंबरमध्ये पाचपेक्षा जास्त होतं. गाळलेल्या पाण्यात परिणाम दिसला नाही.' असं लिहा. त्यानंतर फार तर एवढंच: 'अपाय पेशी खाण्याशी किंवा गाळणी अडण्याशी निगडित असावा.'

'हे पाणी पिण्यास धोकादायक आहे' किंवा 'पिण्यास सुरक्षित आहे' हे दोन्ही लिहू नका. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकाळची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम मायक्रोसिस्टिन-एलआर आहे, आणि तो आकडा रासायनिक तपासणीतूनच येतो. मोइना ठणठणीत पोहतेय म्हणून शेतकऱ्याला 'जनावरांना पाजा' असं सांगणं तर बेजबाबदारपणाच. दाट थर दिसत असेल तर निकालाची वाट न पाहता गुरं त्या काठापासून दूर ठेवायला सांगा.

## १०. आवरताना

उरलेलं शेवाळ सिंकमध्ये किंवा नाल्यात ओतू नका. हायपोक्लोराइट घालून अर्धा तास ठेवा, मगच टाका. वाढवलेल्या मोइना गोदावरीत किंवा तळ्यात सोडायच्या नाहीत, त्यांनाही त्याच बादलीत जाऊ द्या. जाळ्या कडक उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर पुढच्या तळ्यात या तळ्याचं शेवाळ तुम्हीच नेऊन टाकाल. हायपोक्लोराइट लागलेली भांडी पैदाशीच्या टेबलापासून लांब, वेगळ्या रॅकवर ठेवा आणि त्यांवर मार्करने खूण करा.